घरच्याला काम सांगतात

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे एकाच विषयाची पत्रं लागोपाठ आली. परदेशात वाढलेली मुलं, कुणी तिसऱ्या पिढीतली तर कुणी सहाव्या, पूर्वजांच्या गावी यायचं म्हणताहेत. नुसतं बघून परत जायचं त्यांच्या मनात नाही, हातभार लावायचा आहे. संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे पाठवली. मी संगमेश्वर तालुक्यात 34 वर्षं शिक्षिका होते, आणि निवृत्तीनंतर अशी सात-आठ मुलं माझ्या घरी राहून गेली आहेत. त्यांच्याकडून जे शिकले, ते लिहिते.

प्रश्न : बाईंना सादर नमस्कार. मी मॉरिशसमधील वाक्वा येथे राहते. माझे वय 22 आहे. मराठी मी शाळेत शिकले, घरी आम्ही क्रिओल बोलतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून आम्ही आमच्या पूर्वजांचा कागद काढला. त्यात त्यांचा क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय 24, उंची, जात आणि 1854 हे वर्ष आहे. जिल्हा रत्नागिरी हे समजते. गावाचे नाव इंग्रजी अक्षरांत असे लिहिले आहे की मी ते ‘फूनगूझ’ असे वाचते. नकाशावर ते मिळत नाही. आमचे आडनाव म्हणजे त्या पूर्वजांचे नावच आहे, त्यामुळे त्यावरूनही काही कळत नाही. मला एक महिना येऊन गाव शोधायचे आहे आणि तेथे सेवा करायची आहे. मी कधी यावे? कोणते काम करावे?
– एक विद्यार्थिनी, वाक्वा

उत्तर : बाळ, तुझं शाळेतलं मराठी फार सुरेख आहे. ‘मिळत नाही’ हे वाक्य तेवढं आता पुसून टाक. तुझा तो शब्द मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हटला, आणि भाजी निवडणारी माझी जाऊ मान वर न करता म्हणाली, “फुणगूस.”

असे कागद डोळ्यांनी वाचायचे नसतात, कानांनी ऐकायचे असतात. तुझ्या खापरपणजोबांनी गावाचं नाव तोंडाने सांगितलं, कारकुनाने ते आपल्या कानाला ऐकू आलं तसं उतरवलं. त्या अक्षरांतून पुन्हा तोंडाकडे यायचं, तर ती इथल्याच माणसाला म्हणून दाखवावी लागतात. फुणगूस आमच्याच तालुक्यात आहे, शास्त्री नदीच्या खाडीवर. ही खाडी पुढे जयगडला समुद्राला मिळते. रस्ते नव्हते तेव्हा इकडचा माणूस मुंबईला जायचा तो पाण्यानेच. मुंबईहून पुढे पोर्ट लुईस. सोळा पायऱ्यांच्या ज्या घाटावर तुमच्याकडे मजूर उतरवले जायचे, तो आप्रवासी घाट बांधायला 1849 मध्ये सुरुवात झाली. म्हणजे 1854 मध्ये आलेला तुझा पूर्वज त्याच ठिकाणी उतरला असणार. त्या घाटाला 2006 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. इथल्या ज्या धक्क्यांवरून ती माणसं होडीत बसली, त्यांवर साधा फलकही नाही. तू आलीस की तो धक्का आपण दोघी मिळून बघू.

गाव फुणगूस ‘असावं’ असं मी म्हणते आहे. ‘आहे’ म्हणत नाही. वाडीतला माणूस परमुलखात गेला की वाडीचं नाव सांगत नाही, जवळच्या बाजाराचं सांगतो. आजही मुंबईत विचारलंत तर आमची माणसं ‘चिपळूणचा’, ‘संगमेश्वरचा’ अशीच सांगतात. तेव्हा फुणगूस मध्यावर धरून खाडीच्या दोन्ही काठांची गावं मनात ठेव.

आता आडनाव. तुमच्याकडे आजोबाचं नाव घराण्याचं आडनाव झालं. तुझ्या देशात भिवाजी हे आडनाव आहे. इथे भिवाजी हे कुणाच्या तरी पणजोबाचं नाव असतं. इथे झालं ते उलट. आडनावं टिकली आणि गेलेल्या माणसांची नावं पुसली गेली. म्हणून वाडीत जाऊन ‘अमुक नावाचे आमचे पूर्वज’ असं विचारलंस तर कुणालाच काही सांगता येणार नाही, आणि तुला वाटेल की आपल्याला विसरले. तसं विचारू नकोस. असं विचार : “तुमच्या भाऊकीत कुणी दर्यापार गेलेला आणि परत न आलेला पुरुष होता का?” अशा माणसाची गोष्ट घरात राहते. कुणाच्या पडवीत म्हातारी सांगते की चार भाऊ होते, एक ‘मिरचीच्या बेटावर’ गेला. मोरिस, मिर्च, मिरीच असे किती उच्चार मी ऐकलेत. त्या घरी थांब, पाणी पी, पुन्हा जा. एका फेरीत कुणी आतलं बोलत नाही.

कागदावर जात लिहिलेली आहे असं तू लिहिलंस. ती बघून लोक तुला लगेच एका वाडीकडे बोट दाखवतील, कारण आमच्याकडे वाड्या तशाच बसलेल्या आहेत. तिथे जरूर जा. पण तेवढीच एक वाडी बघून परत फिरू नकोस. बौद्धवाडीत जा, मोहल्ल्यात जा, कुंभारवाडीत जा, सगळीकडचं पाणी पी. तुझ्या खापरपणजोबांबरोबर त्या जहाजात या सगळ्यांतली माणसं असणार. पलीकडे उतरल्यावर ती उसाच्या मळ्यात एकाच रांगेत उभी राहिली. हे मला त्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वाटतं, आणि गावातल्या पोरांना ते तुझ्या तोंडून ऐकायला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

कधी यावं? जुलैत. पाऊस, चिखल, जळवा, दोन-दोन दिवस वीज नाही, हे सगळं माहीत असून सांगते, जुलैत ये. का ते सांगण्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल.

चार वर्षांपूर्वी तुझ्याच देशातला एक मुलगा आमच्याकडे आला होता. ऊसतोडणीचा वारसा असलेल्या घरातला, कास्काव्हेलकडचा. आम्ही काय केलं? ग्रामपंचायतीत शाल-श्रीफळ दिलं. मुलांनी स्वागतगीत म्हटलं. गणपतीपुळ्याला नेलं, मार्लेश्वरला नेलं, रत्नागिरीत थिबा राजवाडा दाखवला. तिथे तो खूप वेळ उभा राहिला. ब्रह्मदेशच्या राजाला पकडून समुद्रावरून या जिल्ह्यात आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच गेला, हे ऐकून म्हणाला, “आजी, आमचे इथून गेले, हे इकडे आले.” बाकी सगळीकडे तो हसरा, नम्र आणि गप्प. घरात त्याला ताट वाढायचं, त्याने हात धुतले की ताट उचलायचं, उठला की चहा. पाचव्या दिवशी सकाळी घावन खाता खाता तो म्हणाला, “आजी, मला इथे कुणी काही काम सांगत नाही.”

मला ते फार लागलं. घरच्याला काम सांगतात, पाहुण्याला चहा देतात. पाच पिढ्यांनी घरी आलेल्या मुलाला आम्ही पाच दिवस चहा देत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला जावेच्या मळ्यात नेलं. भाताची लावणी अर्ध्यावर आली होती. बायकांनी तरवा (भाताची रोपं) काढून मुठी बांधून ठेवल्या होत्या, त्या त्याने बांधावरून वाहून नेल्या. मग खाचरात उतरला. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी तीन-चार काड्या सुट्या करून चिखलात खोचायच्या आणि मागे मागे सरकत जायचं. वाकून. पहिल्या दिवशी त्याची रोपं तरंगायला लागली, कारण तो ती नुसती ठेवत होता, दाबत नव्हता. शेजारची वहिनी काही न बोलता त्याच्या ओळीतली रोपं पुन्हा खोचून देत होती. दुसऱ्या दिवशी तिने त्याचं मनगट धरून दाखवलं, काडी सोडताना अंगठा कसा फिरवायचा ते. तिसऱ्या दिवशी तिने मागे वळून बघणं सोडलं. त्या दिवशी दुपारी बांधावर भाकरी खाताना त्याच्या हातावर तिने न विचारता आणखी एक भाकरी ठेवली, आणि “पोरा, उद्या लवकर ये” म्हणाली. त्याचा चेहरा मी बघितला आहे.

लावणी आटपत आली की आमच्याकडे संध्याकाळी जाखडीची तालीम सुरू होते, गणपतीसाठी. मृदंग, झांज, मधे गाणारा शाहीर, भोवती पायात चाळ बांधून फिरणारी पोरं. हा मुलगा पडवीच्या कडेला बसून बघत होता. तिसऱ्या कडव्याला तो उठला आणि रिंगणात शिरला. पाय बरोबर पडत होता! वळताना गुडघ्यात किंचित बसणं, मग उजवी टाच आपटून पुढे. मृदंगवाला म्हातारा वाजवता वाजवता ओरडला, “आरं, ह्यो तर आपलाच पाय हाय!” तुमच्याकडे तिला झाकरी म्हणतात, हे तुला माहीत आहेच. भाषा घरातून गेली, आडनाव गेलं, गावाचं नाव फूनगूझ झालं, आणि टाच कुठल्या ठोक्यावर आपटायची ते तेवढं राहिलं. त्या रात्री तालीम साडेअकरापर्यंत चालली.

म्हणून जुलै. तेव्हा प्रत्येक घराला दोन हात कमी पडत असतात, आणि जिथे खरंच हात कमी पडतात तिथेच तू केलेल्या कामाला सेवा म्हणता येईल.

काही काळज्या. पायाला कापलं, खरचटलं असेल तर भरेपर्यंत चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. येण्याआधी आणि आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचार. ताप आला तर अंगावर काढू नकोस. रात्री बॅटरीशिवाय अंगणातसुद्धा जाऊ नकोस. आमच्या जिल्ह्यात फुरसं (विषारी साप) फार, आणि ते पायवाटेवर पडून असतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात, तेव्हा विमान आणि गाडी यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेव. संगमेश्वर रोडला उतर. मी घ्यायला येईन.

प्रश्न : आमचं गाव लांजा तालुक्यात आहे. आमच्या मुंबई मंडळाच्या ओळखीने अमेरिका आणि इंग्लंडमधली 12 मुलं-मुली डिसेंबरात दोन आठवडे गावात येणार आहेत. सगळ्यांचे आजी-आजोबा किंवा पणजोबा आमच्याच गावचे. मंडळाचं म्हणणं असं की त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवावं आणि शाळेच्या भिंती रंगवाव्यात. आम्हाला ते पटत नाही, पण दुसरं काय सुचवावं तेही कळत नाही.
– एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : दादा, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. मी शाळेतली आहे म्हणून स्पष्ट लिहिते. डिसेंबर म्हणजे दुसऱ्या सत्राच्या शिकवण्याचा ऐन काळ. वर्गात चौथीची अकरा मुलं, त्यातली तीन अजून मराठी अडखळत वाचतात. तिथे रोज नवे दोन पाहुणे येऊन रंगांची इंग्रजी नावं म्हणून घेणार, आणि चौदाव्या दिवशी निघून जाणार. मुलं खूश होतात, फोटो छान येतात, बाईंचे दोन आठवडे मागे पडतात. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर मैदानात खेळायला येऊ द्या. लगोरी खेळताना पोरं आपोआप बोलतात, आणि तेव्हा शिकवणारी आमची पोरं असतात.

भिंतींचं म्हणाल, तर गावात रंगारी आहे ना? त्याचं काम फुकट करून घेतलं तर त्याची दोन आठवड्यांची मजुरी गेली. मंडळाने त्याला पैसे द्यावेत आणि या मुलांनी त्याच्या हाताखाली काम करावं, त्याने सांगितलेला पहिला हात, दुसरा हात, तसं.

मी सुचवते ते काम वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, आहे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन उतरतात, हे तुमच्या गावात वेगळं नसणार. डिसेंबरात वहाळाला अजून धार असते. वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या, खताच्या रिकाम्या गोण्या आतापासून गोळा करायला लागा, घरोघर पडलेल्या असतात. गोणी पूर्ण भरायची नाही, दोन तृतीयांशच. म्हणजे ती बसते, गोल राहत नाही. तोंड शिवायचं. मग विटा रचतात तशा सांधे मोडून दोन भिंती उभ्या करायच्या आणि मधल्या फटीत चिकट माती ठोकून भरायची. जागा कुठली, हे गावातल्या ज्या माणसाला वहाळ ठाऊक आहे त्याने ठरवायचं, मंडळाने मुंबईत बसून ठरवायचं नाही. बारा जण आणि गावातली वीस माणसं लागली तर दोन आठवड्यांत तीन-चार बंधारे सहज होतात. वरच्या अंगाला पाणी साठलेलं त्यांना जाण्याआधी डोळ्यांनी दिसतं. वेळ उरला तर एखादी खचलेली पाखाडी (दगडी पायवाट) निवडा. गवंड्याच्या हाताखाली चिरे वाहायला माणसं लागतातच.

हे सगळं ठरवण्याआधी एक प्रश्न मंडळाला विचारा : बारा जणांचा स्वयंपाक कोण करणार? आजवर मी पाहिलेल्या अशा प्रत्येक बेतात हा प्रश्न शेवटी आला, आणि त्याचं उत्तर ‘घरच्या बायका करतील’ असंच निघालं. सकाळी साडेपाचला उठून तिखट कमी घालून वेगळी भाजी करणारी, गरम पाणी काढणारी, रात्री अकराला भांडी घासणारी बाई त्या फोटोत कुठेच नसते. तिला आधी विचारा. तिची तयारी असेल तर प्रत्येक माणसामागे दिवसाचा दर ठरवा आणि पैसे तिच्या हातात किंवा बचत गटाच्या खात्यात द्या. आणि भांडी मुलं घासतील, हे पहिल्या दिवशीच सांगून टाका. आपली माणसं “नको, नको, तुम्ही बसा” म्हणतील. म्हणू देऊ नका. ती मुलं पाहुणी नाहीत, तुम्हीच लिहिलंय की ती आमच्या गावची आहेत.

संध्याकाळी त्यांना एकेका म्हाताऱ्या माणसाकडे बसवा. दोघांमागे एक आजी, दोन आठवडे तीच आजी. फोनवर आवाज टिपून घ्या. जात्यावरच्या ओव्या, शेताची नावं, कुठली विहीर कुणी खणली. त्यांना मराठी येत नसेल तर गावातलं एक कॉलेजचं पोर बरोबर द्या, त्यालाही त्या ओव्या माहीत नसतात. टिपलेल्याची एक प्रत वाचनालयात राहील हे मात्र आधीच ठरवा. आमच्याकडून गोष्टी घेऊन गेलेल्या बऱ्याच जणांनी प्रत पाठवतो म्हटलं होतं.

प्रश्न : माझा पुतण्या ब्रिटिश नागरिक आहे. पर्यटक व्हिसावर येऊन गावात समाजकार्य केलं तर चालतं का? सरकारची अशी काही योजना आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ई-टुरिस्ट व्हिसावर अल्प मुदतीची स्वयंसेवा चालते, जास्तीत जास्त एक महिना, आणि तिच्या बदल्यात पैसा किंवा कसलाही मोबदला घ्यायचा नाही. परदेशी पासपोर्टवाला माणूस घरी मुक्कामाला आला की 24 तासांच्या आत त्याच्या मुक्कामाचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा, ही जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची असते. हॉटेललाच लागतो असं समजून लोक तो भरत नाहीत आणि मग निघताना पोराला त्रास होतो.

परराष्ट्र मंत्रालयाचा ‘नो इंडिया प्रोग्रॅम’ (म्हणजे ‘भारत जाणून घ्या’) 2003 पासून चालू आहे. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या तरुणांसाठी, साधारण तीन आठवड्यांचा. विमानभाड्याचा मोठा हिस्सा परत मिळतो. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना त्यात घेत नाहीत. अर्ज तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत होतो. देश बघायला तो उत्तम आहे, गावात राहण्यासाठी मात्र वेगळे दिवस काढावे लागतील. आणि मॉरिशसच्या वाचकांसाठी : तुमच्याकडच्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळेल, अशी घोषणा राष्ट्रपतींनी मार्च 2024 मध्ये तिथेच केली. वाक्वाच्या मुली, तू त्या सात पिढ्यांच्या आतच आहेस. कागद जपून ठेव.

प्रश्न : मी लोडला राहते, वय 79. लग्न होऊन आठ महिन्यांत आम्ही इस्राएलला आलो. माझं माहेर रेवदंड्याचं, सासरचं आडनाव चेऊलकर. माझी नात लष्करी सेवा संपवून भारतात यायची आहे. तिच्या मैत्रिणी हिमाचलला आणि गोव्याला जातात. मला वाटतं तिने आमचं कुलाब्याकडचं सगळं बघावं, तिथल्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं. तिला मराठी समजते, बोलता येत नाही. तिला काय सांगू?
– एक आजी, लोड

उत्तर : आजी, नमस्कार. तुमचं पत्र वाचताना वाक्वाच्या मुलीची फार आठवण झाली. तिच्या घराण्याने गाव हरवलं, कारण आडनाव हरवलं. तुम्ही बेने इस्राएल मंडळींनी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंनी, गाव आडनावातच बांधून नेलं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर. तुमच्या नातीला शोधायचं काहीच नाही. चेऊल म्हणजेच चौल, तेव्हा एसटीवर ‘चौल’ अशी पाटी दिसली की बसायचं.

तुमच्या वेळचा कुलाबा जिल्हा आता रायगड झाला. तिने अलिबागेत मुक्काम करावा. इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग तिथेच आहे, रेवदंड्याचं बेथ एलही आहे. आत जायचं तर आधी फोन करून, ओळखपत्र घेऊनच जावं. नवगावच्या किनाऱ्याजवळ जुनं दफनस्थान आहे. गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथे पुरलं, ही गोष्ट तिने तुमच्याकडून ऐकलीच असेल. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटावरचं खंडाळा नव्हे) एलियाहू हन्नबीचा खडक आहे, तिथे मलिदा करून जा म्हणावं. पोहे, ओलं खोबरं, फळं तिला तिथल्या बाजारात मिळतील. गोड किती घालायचं ते तुम्ही तिला आधीच शिकवा, ते पुस्तकात बघून येत नाही.

उपयोगी पडायचं म्हणाल तर ऑक्टोबरात पाठवा, पाऊस संपल्या संपल्या. खेडोपाडीच्या दफनस्थानांत तेव्हा कमरेएवढं गवत असतं, आणि ते काढायला घरची माणसं आता तिथे नाहीत. मी चार वर्षांपूर्वी रायगडमधल्या एका गावी अशा कामाला गेले होते. कोयत्याने गवत काढलं, नारळाच्या किशीने आणि नुसत्या पाण्याने दगड पुसले. तारेचा ब्रश चुकूनही लावायचा नाही, अक्षरं जातात. पुसल्यावर एका दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी उमटलं. आमच्यातल्या कुणालाच हिब्रू येत नव्हतं. त्या दिवशी आमच्याबरोबर असलेली इस्राएलची एक मुलगी वरच्या ओळी वाचायची, शेजारच्या आगरी घरातली एक आठवीतली मुलगी खालच्या ओळी वाचायची. दोघी गुडघ्यावर बसून, एकमेकींच्या तोंडाकडे बघत. बाईचं नाव दोन्हीकडे एकच निघालं तेव्हा दोघी एकदम थांबल्या. अशा दगडांची वही करायची आहे : गाव, रांग, नाव, दोन्ही लिप्यांतला मजकूर, फोटो. तुमच्या नातीसारख्या मुलीशिवाय ती पुरी होणार नाही.

आणि आजी, तिने फक्त तुमच्या लोकांच्या जागा बघून परत येऊ नये. तुम्हाला शेजारीपाजारी ‘शनिवार तेली’ म्हणायचे. घाणा शनिवारी बंद ठेवणारे, म्हणून ते नाव शेजाऱ्यांनीच ठेवलं. त्या शेजाऱ्यांची घरं अजून तिथेच आहेत. तुमच्या माहेरच्या घराची आळी, शेजारच्यांचं नाव, विहीर कुठल्या अंगाला होती, परसात झाडं कोणती होती, हे सगळं तुम्ही मराठीत कागदावर लिहून तिच्याजवळ द्या. तिला बोलता आलं नाही तरी तो कागद ती पुढे करील. कुणीतरी तो वाचील आणि आत हाक मारील.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. गाव राजापूर तालुक्यात. मुलगा 16 वर्षांचा, गणपतीत दीड दिवस गावी येतो आणि फोनमध्ये डोकं घालून बसतो. परदेशातली मुलं एवढ्या लांबून येतात आणि आमचा येत नाही, याचं वाईट वाटतं.
– एक वडील

उत्तर : दीड दिवसात घर उघडायचं, झाडायचं, आरत्या म्हणायच्या आणि गाडीत बसायचं. त्याला गाव भेटलंच कुठे? दहावीची परीक्षा झाली असेल तर या मे महिन्यात त्याला एकट्याला पाठवा, तुम्ही बरोबर जाऊ नका. चुलत्यांना फोन करून सांगा की त्याला आंबे उतरवायला न्या, घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) कसं धरायचं ते शिकवा, पेट्या भरायला बसवा, आणि जी मजुरी इतरांना देता ती त्यालाही द्या. दाढ (भाताची रोपं करायची जागा) भाजायची राहिली असेल तर तेही तोच करील. पहिले तीन दिवस तो तुम्हाला रोज फोन करून परत बोलवा म्हणेल. चौथ्या दिवसापर्यंत थांबा. पाऊस लागायच्या आत घराच्या मागची कौलं परतायची असतात, ते काम त्याच्या नावावर ठेवा.